मेलमधला तिसरा परिच्छेद

ॲडमिशनचा मेल आला त्या दिवशी आईने पेढे आणले, आण्णांनी कोइमतूरच्या जुन्या शेजाऱ्यांना फोन लावले, आणि संध्याकाळपर्यंत विट्यातल्या आमच्या गल्लीत मी 'अमेरिकेला निघालेली' होऊन बसले. मेल शेवटपर्यंत वाचला तो रात्री साडेअकराला, सगळे झोपल्यावर. पहिल्या परिच्छेदात अभिनंदन. दुसऱ्यात संख्याशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश, फी माफ, वर स्टायपेंड. तिसऱ्यात अट.

फीमाफी आणि स्टायपेंड दोन्ही टीचिंग असिस्टंटशिपवर अवलंबून होते. माझा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतला बोलण्याचा स्कोअर ३० पैकी २२, आणि त्या विद्यापीठात वर्गावर उभं राहायला २६ लागत होते. ज्याला कमी आहेत त्याची व्हिडिओवर मुलाखत. दहा मिनिटं शिकवून दाखवायचं, मग प्रश्न. त्यात नाही जमलं तर प्रवेश कायम, पैसे मात्र नाहीत. पैसे नाहीत म्हणजे आमच्या घरी प्रवेशही नाही, एवढा हिशोब करायला संख्याशास्त्र लागत नाही.

अर्जांच्या भानगडीबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे. सहा ठिकाणी अर्ज केले. चार नकार, एक वेटिंग, एक हे. जीआरई ही तिकडच्या प्रवेशाची परीक्षा आता दोन तासांच्या आत आटोपते, त्यामुळे त्रास परीक्षेचा कमी आणि सीलबंद ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे गुणपत्रकांसाठी, मारलेल्या चकरांचा जास्त, इतकंच सांगते.

खरं सांगायचं तर तिसरा परिच्छेद वाचून मला राग आला. चार वर्षं मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. प्राध्यापक व्हायला लागणारी सेट परीक्षा पास. बी.एस्सी.च्या वर्गात ऐंशी पोरं, वर पंखा एक, माईक नाही. एवढ्यांना पुरेल असा आवाज काढून शिकवलेल्या बाईला हे विचारणार, तुला शिकवता येतं का म्हणून? मानधन मिळायचं तेव्हा मिळायचं, पण शिकवण्याबद्दल आजवर कोणी बोट दाखवलं नव्हतं. 'मॅडमचं भारी असतं,' असं पोरं म्हणायची. मला ते खरं वाटायचं.

फिजिक्सच्या सरांच्या ओळखीतून इचलकरंजीची एक ताई सापडली. ती तिकडे पीएचडीच्या चौथ्या वर्षाला, विषय वेगळा, विद्यापीठ वेगळं, पण तीन वर्षं टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, म्हणून राबलेली. पहिल्या कॉलवर तिने आधी मला टीए म्हणजे काय ते सांगितलं, कारण मी ते नीट समजूनच घेतलं नव्हतं. प्राध्यापक मोठ्या हॉलमध्ये दीड-दोनशे मुलांना लेक्चर देतात. मग त्या मुलांचे पंचवीस-तीसचे गट पाडतात आणि प्रत्येक गट आठवड्यातून एकदा-दोनदा टीएच्या हवाली होतो. तिथे उदाहरणं सोडवायची, लॅब असेल तर लॅब, वर गृहपाठ आणि पेपर तपासायचे, शिवाय ऑफिस अवर्स. ऑफिस अवर्स म्हणजे मला दहा ते साडेपाच वाटलं होतं! ती निघाली आठवड्यातली दोन-तीन तासांची ठरलेली वेळ. टीएने खोलीचं दार उघडं ठेवून बसायचं, ज्याचं अडलंय त्याने यायचं. सगळं मिळून आठवड्याला २० तास. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर यापेक्षा जास्त काम करताही येत नाही.

"आता मला शिकव," ताई म्हणाली. "काहीही. पाच मिनिटं."

मी प्रमाण विचलन घेतलं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप. डोळे झाकून शिकवता येतं असं ते. पाच मिनिटं झाल्यावर ती म्हणाली, "इंग्रजी बरं आहे गं तुझं. पण 'टू इंटू थ्री' म्हणजे किती?"

"सहा."

"तिकडचं पोरगं म्हणेल दीड."

'इंटू' म्हणजे गुणिले हे आपण शाळेपासून इतकं पक्कं केलंय की ते आपल्याकडचं इंग्रजी आहे हेच माझ्या ध्यानात नव्हतं. तिकडे 'टू गोज इंटू सिक्स' म्हणतात, दोनाने सहाला भाग जातो या अर्थी. गुणाकाराला 'टाइम्स'. आपण 'एक्स अपॉन वाय' म्हणतो, ते 'एक्स ओव्हर वाय'. झेड म्हणजे झी. कंस म्हणजे ब्रॅकेट नाही, पॅरेन्थेसिस. आपलं बॉडमास तिकडे पेम्डास, ट्रॅपेझियमचं ट्रॅपेझॉइड, ॲन्टिक्लॉकवाइजचं काउंटरक्लॉकवाइज. बरोबरच्या खुणेला टिक म्हटलं तर त्यांना गोचीड आठवते, म्हणून चेक मार्क. आणि 'आय हॅव अ डाउट' हे वाक्य तर कायमचं बाद. तिकडे डाउट म्हणजे अविश्वास. ताईने पहिल्या वर्षी वर्गात 'एनी डाउट्स?' विचारलं तेव्हा एका पोरीने गंभीरपणे उत्तर दिलं होतं, "नाही, आमचा तुमच्यावर विश्वास आहे."

मी यादी करून कपाटाच्या दारावर चिकटवली. आण्णांनी ती दोन दिवस वाचली. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं गलाईसाठी देशभर पांगलेली असतात, सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून. आण्णांनी कोइमतुरात अठ्ठावीस वर्षं काढली. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "मी तमिळ शिकलो ते आकड्यांपास्नं. ओण्णु, रेण्डु, मूणु. बाकीचं चुकलं तरी लोक हसून सोडत्यात. आकडा चुकला की गिऱ्हाईक उठून जातंय."

ताईनेही पुढच्या कॉलवर जवळपास हेच सांगितलं, जास्त शिकल्यासारखं. आकडे, चिन्हं आणि विषयातले वीस-पंचवीस शब्द एवढेच घासायचे. उच्चार अमेरिकन करायला जाऊ नकोस, वाईट दिसतं. पण जोर कुठे द्यायचा ते सांभाळ. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना सारखी मजुरी देतो, इंग्रजीत एकाच अक्षराला बोनस. 'पॅरामीटर'मध्ये आम्ही जोर 'मी'वर देतो, तिकडे तो 'रॅ'वर. 'हायपॉथिसिस'मध्ये 'पॉ'वर. 'व्हेरिअन्स'ला वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत आणि 'वेट'ला ओठांचा चंबू. मराठीत 'व्ह' लिहितो आपण, पण तोंडात दोघांचा एकच 'व' होतो. आठवडाभर मी स्वयंपाकघरात 'व्हेरिअन्स, वेट, व्हेरिएबल, वन' करत फिरत होते. आई म्हणाली, देवाचं म्हणतेस तर मोठ्यानं म्हण.

खरा दणका यानंतर बसला. ताई म्हणाली, तासाचं रेकॉर्डिंग करून बघ. मी मोबाइल ज्वारीच्या डब्याला टेकवला, भिंतीवर कागद चिकटवले आणि दहा मिनिटं शिकवलं. मग बघायला बसले. निम्मा वेळ माझी पाठ दिसत होती. आणि दर अर्ध्या मिनिटाने मी विचारत होते, "क्लिअर? ओके? अंडरस्टूड?" मोजलं. दहा मिनिटांत एकोणीस वेळा. एकदाही उत्तरासाठी थांबले नव्हते. समोर ज्वारीचा डबा होता म्हणून नव्हे, वर्गातही थांबत नाही, हे ते बघताना कळत होतं. वर्गात मी "कळलं का?" म्हणते, ऐंशी पोरं एका सुरात "होऽ मॅडम" म्हणतात, मी फळा पुसते. तो "होऽ" ही एक रीत आहे. आरतीला टाळ्या वाजतात तसा.

चार वर्षांत मला वर्गात कोणी प्रश्न विचारल्याचं आठवेना. हजेरीचे विचारले, पेपर कधी ते विचारलं, 'हे परीक्षेला आहे का' विचारलं. विषयातला? एक मुलगा वर्ग संपल्यावर व्हरांड्यात गाठायचा, तो सोडला तर नाही. माझं 'भारी' असणं हे असं होतं.

ताईला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "मुलाखतीत नेमकं तेच बघतात. तीन जण असतील, पोरांचं सोंग घेऊन बसतील आणि मध्येच तोडतील. तू कसं शिकवतेस यापेक्षा तोडल्यावर काय करतेस ते बघायचं असतं." मग तिने दोन गोष्टी सांगितल्या. प्रश्न आला की आधी तो आपल्या शब्दांत परत म्हणायचा, म्हणजे आपल्याला नीट कळला का ते समजतं आणि विचार करायला चार सेकंद मिळतात. आणि चुकीच्या उत्तराला 'नो, राँग' म्हणायचं नाही, 'असं का वाटलं?' विचारायचं. दुसरी गोष्ट मला पटायला वेळ लागला. चूक ती चूक, त्यात का काय विचारायचं?

विषय मी कॉन्फिडन्स इंटरव्हल निवडला, म्हणजे नमुन्यावरून खऱ्या सरासरीचा अंदाज देणारी आकड्यांची पट्टी. दिलेल्या तीन विषयांत तो सगळ्यात अवघड होता, थोडी मिजास. उदाहरण तासगावच्या बेदाण्याचं घेतलं, पंधरा किलोचा बॉक्स. ताई म्हणाली, बेदाणा तसाच ठेव, बॉक्स लहान कर. तिकडे पोरांच्या डब्यात बेदाण्याची चिमुकली खोकी असतात. मग माझं उदाहरण असं झालं: पंचवीस खोकी उघडली, प्रत्येकातले बेदाणे मोजले. सरासरी ३०, प्रमाण विचलन ५. पाचाला पंचवीसच्या वर्गमुळाने भागलं की १. त्याच्या साधारण दुप्पट दोन्ही बाजूंना, म्हणजे २८ ते ३२. हा आपला ९५ टक्क्यांचा इंटरव्हल. आकडे मुद्दाम सोपे ठेवले, आण्णांची शिकवण.

शिकवण्याशिवाय 'असं झालं तर काय कराल' छापाचे प्रश्न असतात. त्यांची तयारी करताना मी जी आपटले ती लक्षात राहण्यासारखी. ताईने पोराचं सोंग घेतलं: "माझ्या मित्राने हेच उत्तर लिहिलं, त्याला आठ आणि मला पाच. का?" मी म्हटलं, मित्राचा पेपर घेऊन ये, दोन्ही शेजारी ठेवून बघू. ताई ओरडलीच. तिकडे १९७४चा फेर्पा नावाचा कायदा आहे. एका विद्यार्थ्याचे गुण त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याशी बोलायचे नाहीत. आई-वडिलांशीसुद्धा सहसा नाही, मूल कॉलेजात गेलं की तो हक्क त्याचा. आमच्याकडे आख्ख्या वर्गाचे गुण नावासकट नोटीस बोर्डावर, आणि नापासांच्या नावाखाली लाल रेघ. तिथे मी काय सांगणार होते! उत्तर असं हवं होतं: आपण फक्त तुझ्या पेपरबद्दल बोलू, गुण कशाला दिले ते दाखवते, तरी पटलं नाही तर मुख्य प्राध्यापकांकडे कसं जायचं ते सांगते. कॉपीचंही तसंच. संशय आला तर टीएने स्वतः न्यायनिवाडा करायचा नाही, प्राध्यापकांना कळवायचं. पेपर हिसकावून घेणं वगैरे आपले प्रकार तिथे चालत नाहीत.

मुलाखत १४ मार्च २०२४, त्यांच्या सकाळी दहाला. मेल फेब्रुवारीत आला तेव्हाच मी हिशोब करून कालनिर्णयवर लिहून टाकलं होतं: रात्री ९.३०. आदल्या दिवशी ताईचा मेसेज, "साडेआठला ना उद्या?" मी म्हटलं साडेनऊ. तिने लगेच फोन केला. १० मार्चला अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे सरकली होती, उन्हाळ्याच्या वेळेसाठी. दर वर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी सरकतात. ताईने तो मेसेज टाकला नसता तर मुलाखत संपल्यावर मी केस विंचरत बसले असते.

जागेचा प्रश्न वेगळाच. आमच्या घराच्या भिंतीला लागून यंत्रमाग आहेत, आणि मागाच्या खडखडाटात लहानाची मोठी झालेल्या आम्हाला तो ऐकू येत नाही, पण लॅपटॉपच्या माईकला येतो. शेजारच्या काकांना तासभर बंद ठेवता का विचारलं, तर "बघू" म्हणाले. त्यांचं बघू आम्हाला माहीत आहे. शेवटी फिजिक्सच्या सरांनी त्यांच्या क्लासची खोली दिली. तिथे व्हाइटबोर्ड होता, इन्व्हर्टर होता, आणि बोर्डच्या वर गुणवंतांचं फ्लेक्स, वीस-बावीस पासपोर्ट फोटो. ते कॅमेऱ्यात येत होतं. काढावं तर खिळे गंजलेले. मग लॅपटॉप दोन बेंचांवर चढवला आणि कॅमेरा खाली झुकवला. तरी शेवटच्या ओळीतल्या चार-पाच जणांच्या हनुवट्या दिसतच राहिल्या.

पडद्यावर दोन प्राध्यापक आणि भाषा केंद्रातल्या एक बाई. आम्हाला नावानेच हाक मारा, असं त्यांनी आधीच सांगितलं. मी पूर्ण मुलाखतभर कोणालाच हाक मारली नाही, तो एक मार्ग निघाला.

सुरुवात बरी झाली. पंचवीस खोकी, सरासरी, विचलन. मग तोंडातून निघालंच: "फाइव्ह अपॉन रूट ट्वेंटी-फाइव्ह."

"अपॉन व्हॉट?" भाषा केंद्रातल्या बाई.

कपाटावरची आख्खी यादी डोळ्यांसमोर आली. "ओव्हर," मी म्हटलं, "फाइव्ह ओव्हर द स्क्वेअर रूट ऑफ ट्वेंटी-फाइव्ह. आमच्याकडे अपॉन म्हणतात, सवय आहे." त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. ते बघून माझ्या पोटात गोळा आला, पण पुढे गेले.

२८ ते ३२ बोर्डवर लिहिलं आणि एका प्राध्यापकांनी विद्यार्थ्याच्या आवाजात विचारलं, "म्हणजे ९५ टक्के खोक्यांत २८ ते ३२ बेदाणे असणार, बरोबर?"

ही चूक सगळीकडची पोरं करतात. जिभेवर 'नो' आलेलं होतं. गिळलं. प्रश्न परत म्हटला. मग विचारलं, असं का वाटतं? ते म्हणाले, ९५ टक्के लिहिलंय, आणि समोर दोन आकडे आहेत, मग आणखी काय असणार?

आणि तेव्हा, खरोखर तेव्हाच, मला कळलं की ही चूक होते कशी. मी ३० आणि ५ बोर्डच्या एका कोपऱ्यात लिहून विसरून गेले होते. त्यांच्यासमोर फक्त २८ आणि ३२ होते. मी मागे गेले, पाचावर गोल केला. विचारलं, एकेका खोक्यात ५चा फरक पडत असेल तर बहुतेक खोकी कुठून कुठे असतील? ते म्हणाले, तीसच्या आजूबाजूला दहा-दहा... वीस ते चाळीस? तो त्यांनी स्वतः काढलेला आकडा होता. मग मी दोन रेघा एकाखाली एक काढल्या: वरची लांब, २० ते ४०, खोक्यांची, खालची आखूड, २८ ते ३२, सरासरीची. खोकी उड्या मारतात, पंचवीस खोक्यांची सरासरी कमी उड्या मारते. पुन्हा पंचवीस खोकी उघडली तर खालची रेघ थोडी सरकेल. असं शंभर वेळा केलं तर साधारण पंच्याण्णव रेघा खऱ्या सरासरीला पकडतील. हे वाक्य मी चार वर्षं वर्गात लिहून देत आले होते. त्याला अशी रेघ कधी जोडली नव्हती.

दहा मिनिटं संपली तेव्हा माझं निम्मंच झालं होतं. ठरवलेली शेवटची दोन उदाहरणं राहूनच गेली.

मग प्रश्न. फेर्पावरचा आलाच नाही, एवढी घोकंपट्टी करून. त्याऐवजी विचारलं: विद्यार्थ्याने असं काही विचारलं की ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही, तर? छापील उत्तर होतं माझ्याकडे, माहीत नाही असं सांगेन आणि पुढच्या तासाला शोधून आणेन. ते दिलं. मग का कोण जाणे, मी पुढे म्हणाले, की हे माझ्यावर कधी आलेलं नाही, कारण माझ्या वर्गात प्रश्न विचारत नाहीत, आणि ते का विचारत नाहीत हे मला गेल्या महिन्यात कळलं. ज्वारीच्या डब्याची गोष्ट सांगितली. ज्वारीला इंग्रजी शब्द ऐनवेळी आठवला नाही, म्हणून धान्याचा डबा म्हटलं. एक प्राध्यापक हसले. दुसरे हसले नाहीत, त्यामुळे रात्री झोप आली नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का? ताईने तीन प्रश्न पाठ करून घेतले होते. मी म्हटलं, "नो, थँक यू." एकदाचं संपवायचं होतं.

निकाल सहा दिवसांनी आला. पास, पण पहिल्या सत्रात भाषा केंद्राचा टीएंसाठीचा कोर्स करावा लागेल, आणि सुरुवातीला स्वतंत्र गट न देता लॅबमध्ये दुसऱ्या टीएच्या हाताखाली. चालेल. ऑफरला हो-नाही कळवायची मुदत १५ एप्रिल. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी ही तारीख मिळून ठरवलेली आहे. तोवर आर्थिक मदतीच्या ऑफरवर उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. वेटिंगवाल्या ठिकाणाची वाट बघायला वेळ होता.

ऑफर लेटर मी आण्णांना मराठीत वाचून दाखवलं. फी माफ, आरोग्य विम्यात वाटा, स्टायपेंड अमुक, ऑगस्टच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत.

"म्हंजे नऊ महिने," आण्णा म्हणाले.

"हो."

"आन् उरलेले तीन महिने हवा खायची?"

मी लेटर पुन्हा वाचलं. त्यात काही नव्हतं. तीन वेळा वाचूनही माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. त्याच रात्री विभागाला मेल केला. दोन ओळींचा, सरळ: उन्हाळ्यात काय? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. उन्हाळ्यात शिकवायची कामं असतात, बहुतेकांना मिळतात, हमी देता येत नाही. म्हणून बरेच विद्यार्थी नऊ महिन्यांतूनच थोडं बाजूला ठेवतात. शेवटी लिहिलं होतं, विचारलंत ते बरं केलंत.

आण्णांनी चष्मा लावला, लाइट बिलाच्या पाठीवर नऊ महिन्यांची रक्कम मांडली आणि बाराने भागली. मग ताईने सांगितलेलं खोलीचं भाडं वजा केलं, किराणा वजा केला, आणि खाली राहिलेल्या आकड्याला दोनदा गोल केला.

"तोट्यात न्हाई," म्हणाले. "पर पहिल्या वर्षी गावी यायचं न्हाई."

१२ एप्रिलला मी हो कळवलं.